अल्झायमर: जनुकं मंदावली की पेशीच गेल्या?

प्रश्न (मांडवी_रत्नागिरी): एमएस्सीच्या प्रकल्पासाठी खुला आरएनए डेटा घेतलाय. एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्सच्या (मेंदूतला स्मरणाशी जोडलेला भाग) अख्ख्या तुकड्यांत सिनॅप्सची (चेतापेशींमधल्या जोडांची) जनुकं खाली, जीएफएपी (अ‍ॅस्ट्रोसाइट या आधारपेशींचं जनुक) वर. 'चेतापेशींनी ही जनुकं बंद केली' असं लिहिलं तर चालेल का? एकेका केंद्रकाचा (पेशीच्या गाभ्याचा) डेटा १६ जीबीच्या लॅपटॉपवर झेपेल? पावसाळ्यात इथे विजेचा आणि नेटचा भरवसा नसतो.

पावस_केंद्रक: नाही, असं लिहू नका. पेटीचं वजन घटलं तर आंबे कमी भरलेत की फळच बारीक, हे काट्यावर कळत नाही. या भागाच्या दुसऱ्या थरातल्या चेतापेशी फार लवकर मरतात. १९९६ च्या मोजणीत अगदी सौम्य आजारातही निम्म्याहून जास्त गेलेल्या होत्या. म्हणजे उरलेल्या पेशी ठणठणीत असल्या तरी सिनॅप्सचे आकडे पडणारच. म्हणून केंद्रकांचाच डेटा घ्या. गोठवलेल्या मेंदूत पेशी फुटतात, केंद्रकं टिकतात. २०२१ च्या अभ्यासात ब्राक ०, २ आणि ६ टप्प्यांची (मेंदूत टाऊ प्रथिनाच्या गाठी किती पसरल्या, त्याचे टप्पे) तुलना होती. आरओआरबी जनुक चालू असलेल्या उत्तेजक चेतापेशींचं प्रमाण दुसऱ्या टप्प्यातच घटलेलं दिसलं. फक्त ते १० नमुने सगळे पुरुषांचे होते, हे प्रकल्पात आवर्जून लिहा.

मालवण_आकडे: सगळ्यात मोठी चूक पुढे होते. एकाच मेंदूतली ५,००० केंद्रकं म्हणजे ५,००० स्वतंत्र नमुने नव्हेत. तसं धरलं की पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही असा निकाल येण्याची शक्यता) हास्यास्पद लहान येते आणि शेकडो खोटी जनुकं 'बदललेली' ठरतात. दाता आणि पेशीप्रकार यांनुसार आकड्यांची बेरीज करा, मगच डीईसेक२ किंवा एजआर (जनुकांतला फरक तपासणारी सॉफ्टवेअरं) चालवा. मॉडेलमध्ये वय, लिंग, बॅच (एका वेळी एकत्र तपासलेल्या नमुन्यांचा गट) हवेत. सगळे रुग्ण एका बॅचमध्ये आणि निरोगी दुसऱ्या बॅचमध्ये असतील, तर तो डेटा सोडून द्या. कुठलंही सॉफ्टवेअर ते सोडवत नाही.

मायक्रोग्लियात (मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशींत) सिनॅप्सची जनुकं 'वाढलेली' दिसली तर आधी फुटलेल्या चेतापेशींमधून आलेल्या आरएनएचा संशय घ्या. सूपएक्स किंवा सेलबेंडर या सॉफ्टवेअरने तो आरएनए काढा. मोजणीत इन्ट्रॉनही (आरएनएतून नंतर कापून टाकले जाणारे तुकडे) धरा, कारण केंद्रकातलं बरंचसं आरएनए अजून कापलं-जोडलेलं नसतं.

पावस_केंद्रक: लॅपटॉपवर झेपेल. कच्च्या फाइली नकोत, तयार मोजणीचा स्पार्स मॅट्रिक्स (शून्यं न साठवणारा तक्ता) उतरवा. आधी उत्तेजक चेतापेशी वेगळ्या काढा, बाकीचं मेमरीतून काढून टाका आणि प्रत्येक पायरीनंतर फाइल जपून ठेवा. वीज गेली तर तिथूनच पुढे चालू करता येतं.

मांडवी_रत्नागिरी: आरओआरबी गटाचं प्रमाण घटलं म्हणजे त्या पेशी मेल्याच, असं धरू का?

मालवण_आकडे: नाही. प्रमाणांची बेरीज शंभरच असते, एक गट वाढला तरी दुसरा घटलेला दिसतो. शिवाय पेशीने आरओआरबीच कमी केलं तरी ती गटातून गळते. त्यासाठी ऊतीच्या कापांवर रंगवून प्रत्यक्ष मोजणी लागते.