मास्टवर फिरत्या वाट्या नकोत

ऐरोलीतल्या प्रदर्शनासाठी नासाच्या मंगळावरच्या पर्सिव्हरन्स रोव्हरची (चाकांवर फिरणाऱ्या यानाची) १:१० प्रतिकृती करताय आणि वारा मोजायला मास्टवर, म्हणजे त्याच्या उभ्या खांबावर, फिरत्या वाट्या लावू का, असं विचारलंत. नका लावू. मंगळावर हवेचा दाब जेमतेम ७ मिलीबार, आपल्याकडे हजारच्या आसपास. वाट्या फिरवायला तिथल्या वाऱ्यात फारसा दमच नाही. खऱ्या रोव्हरच्या मास्टवर 'मेडा' या हवामान मोजणाऱ्या उपकरणसंचाच्या दोन आडव्या दांड्या आहेत, जमिनीपासून साधारण दीड मीटरवर. त्यांच्या टोकाशी चिमुकल्या पट्ट्या विजेने तापवतात. वारा लागला की त्या बशीतल्या चहासारख्या निवतात, आणि गरम ठेवायला किती वीज लागली त्यावरून वेग निघतो. एक दांडी मास्टच्या आडोशाला गेली तरी दुसरी वाऱ्यात राहते. तुमच्या मॉडेलवर त्या १५ सेंटीमीटरवर येतील.

तापमान मात्र खरंखुरं मोजून दाखवा. बीएमई२८० हा तापमान-आर्द्रतेचा छोटा सेन्सर चांगला आहे, पण तो ईएसपी३२ला (मॉडेल चालवणाऱ्या कंट्रोलर बोर्डाला) चिकटवू नका, बोर्डाच्या उष्णतेने आकडा फुगतो. (आर्द्रतेचा आकडा पावसाळ्यात ऐरोलीत तसाही फुगलेलाच असतो!) खुद्द पर्सिव्हरन्सलाही हीच कटकट आहे: मागे प्लुटोनियमवर चालणारा वीजस्रोत कायम तापलेला. म्हणून हवेच्या तापमानाचे पाच सेन्सर, तीन मास्टभोवती आणि दोन अंगावर पुढच्या बाजूंना. वाऱ्याच्या तोंडावर असेल त्याचं ऐकायचं.

दाबाचा सेन्सर खोक्यात लपवलात तरी चालेल. खऱ्या रोव्हरच्याही तो पोटातच आहे, फक्त एक नळी बाहेरच्या हवेपर्यंत काढलीय. खोक्याला एक भोक तेवढं ठेवा.