इम्युलेटरमधली बटणं: मूळ मशीनसारखी लावायची की आपल्या हाताला पटतील तशी?

जुनीकॅसेट

माझं मत आधीच सांगतो, मग हवं तेवढं भांडू. इम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम, उतरवायचा, आयती मिळालेली बटणं घेऊन खेळायला बसायचं, हे मला पटत नाही. मनाला येईल तशी बटणं लावणंही पटत नाही. गेम ज्या मशीनसाठी बनला, तिथे कुठला हात काय करत होता आणि कुठलं बोट कुठे होतं, ते जपूनच मॅपिंग, म्हणजे बटणांची जोडणी, करावं.

मुस्तफाचं उदाहरण घेतो. खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमचा १९९३ चा गेम, पण व्हिडिओ गेम पार्लरमध्ये सगळे मुस्तफाच म्हणायचे. डाव्या हातात दांडी, उजव्या हाताखाली दोन बटणं: एक मारायचं, एक उडीचं. दोन्ही एकदम दाबली की चौफेर फटका बसायचा आणि थोडी लाइफ जायची. आता हाच गेम मेममध्ये, म्हणजे पार्लरच्या गेमच्या इम्युलेटरमध्ये, उघडा. दिशा ॲरोच्या बटणांवर, म्हणजे उजव्या हाताला. मार डाव्या कंट्रोलवर, उडी डाव्या ऑल्टवर. दोन्ही हातांची कामं उलटी झाली! पुढे-पुढे दोनदा दाबून धावायचं आणि धावता धावता उडी मारून लाथ घालायची, हे माझ्या डाव्या मनगटात बसलेलं आहे. उजव्या हाताला ते येत नाही, आणि का यावं?

शिवाय ही आयती बटणं विंडोजशी भांडतात. मारता मारता उडीचं बटण आणि एखादा ॲरो एकदम दाबला गेला, की कंट्रोल-ऑल्ट-ॲरो ही जोडी तयार होते, आणि काही ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये ती पडदा फिरवण्याची शॉर्टकट असते. ऐन बॉससमोर माझा पडदा आडवा झालाय. तिसरं बटण स्पेसवर असतं, आणि ऑल्ट-स्पेसने खिडकीचा मेनू उघडतो.

मी काय केलं: टॅब दाबून मेनू उघडला, दिशा डब्ल्यू-ए-एस-डीवर नेल्या, मार ‘जे’ वर, उडी ‘के’ वर. तेही एका गेमपुरतं नाही, सगळ्या मशीनसाठीच्या यादीत. हाताला एकच सवय लागली पाहिजे. पहिल्याच संध्याकाळी हात पार्लरमधल्यासारखा चालायला लागला.

आडवाबाण

जुनीकॅसेट, तुमचा मुद्दा कळला, पण ‘मूळ’ म्हणजे कोणाचं मूळ?

मी पार्लरची पायरी कधी चढलो नाही, घरून परवानगीच नव्हती. माझं सगळं बालपण शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये गेलं. डेव्ह आणि प्रिन्स. डेंजरस डेव्हमध्ये गोळी कंट्रोलवर, जेटपॅक ऑल्टवर, दिशा ॲरोवर. प्रिन्स ऑफ पर्शियात तलवारीचा वार शिफ्टवर. १९८९-९० चे हे गेम कीबोर्डसाठीच होते. इथे ॲरो हेच मूळ. माझा उजवा हात दिशेचा आणि डावा मारायचा, असाच घडलाय. मेमची मांडणी मला पहिल्या मिनिटापासून घरची वाटली. तुम्ही जिला उलटी म्हणता ती माझ्यासाठी सरळ आहे.

विंडोजशी भांडण होतं हे खरं, पण त्यासाठी हात का बदलायचे? डॉसबॉक्स या डॉसचे जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये प्रिन्स खेळताना शिफ्ट पाच वेळा दाबला की विंडोज स्टिकी कीज (शिफ्टसारखं बटण दाबून धरावं लागू नये म्हणूनची सोय) चालू करायचे का म्हणून विचारतं. लढाईत पाच वार म्हणजे काहीच नाही. मग मी विंडोजची ती सोय बंद केली. प्रिन्सचा वार शिफ्टवरच राहिला. ड्रायव्हरची पडदा फिरवायची शॉर्टकटही तशीच बंद करता येते.

पाटीपेन्सिल

आडवाबाणशी पूर्ण सहमत. ॲरो सोडून खेळायला मला जमणारच नाही.

तिसरा_खेळाडू

जुनीकॅसेट, एकटे खेळत असाल तर तुमची मांडणी चालेल. दुसरं कोणी शेजारी बसलं की कोसळेल.

मेममध्ये दुसऱ्या खेळाडूच्या दिशा आर, एफ, डी, जी वर असतात आणि मारायची बटणं ए, एस, क्यू, डब्ल्यूवर. तुम्ही पहिल्याला डब्ल्यू-ए-एस-डी दिलंत, म्हणजे ही चारही बटणं दोघांची झाली. तिसऱ्याच्या दिशा आय, के, जे, एल. मुस्तफा तिघांचा गेम आहे. तुम्ही के दाबून उडी माराल आणि तिसरा खाली चालायला लागेल. सगळ्या मशीनसाठीच्या यादीत बदल करायचा तर बाकीच्या दोघांची बटणंही हलवायला हवीत, हे धाग्याच्या सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. साध्या कीबोर्डच्या आत बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेली असतात. जाळीतल्या चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले तर चौथाही दाबल्यासारखा दिसतो. हा घोळ टाळायला कीबोर्ड तिसरं बटण कळवतच नाही. कोणती तीन बटणं अडतील हे प्रत्येक कीबोर्डवर वेगळं. म्हणजे तिरकं चालताना मारायला जावं आणि फटकाच बसू नये, असं होतं. माणूस स्वतःच्या वेळेला दोष देत बसतो. कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट मात्र सहसा या जाळीत वेगळ्या तारांवर असतात, आणि यूएसबीच्या साध्या पद्धतीत त्यांची नोंदही वेगळी जाते: साधी सहा बटणं एका बाजूला, ही (डावी-उजवी धरून, विंडोजच्या बटणांसकट) आठ दुसऱ्या बाजूला. साध्या कीबोर्डवर मारायला कंट्रोल-ऑल्ट हीच सगळ्यांत भरवशाची जागा आहे. तुम्ही तीच सोडून दिलीत.

जुनीकॅसेट

तिसरा_खेळाडू, दुसऱ्या-तिसऱ्या खेळाडूच्या बटणांचं मान्य. ते मी लिहायला हवं होतं. माझ्याकडे बाकीचे दोघे कंट्रोलरवर असतात म्हणून लक्षात आलं नाही.

तारांच्या जाळीचंही बरोबर आहे, पण त्यावर उपाय वेगळा. एखादा कीबोर्ड तपासायला दोन मिनिटं लागतात: नोटपॅड उघडा, डब्ल्यू आणि डी दाबून ठेवा, मग ‘जे’ दाबून बघा. उमटलं तर काम झालं. माझ्या कीबोर्डवर उमटतं. नाही उमटलं तर शेजारचं बटण घ्या. पण हात बदलू नका.

आडवाबाण, डेव्ह आणि प्रिन्स मुळातच कीबोर्डचे, तिथे ॲरोच हवेत. माझा नियम तिथे मोडत नाही, उलट पक्का होतो.

आता कंट्रोलरबद्दल लिहितो, कारण खरी चूक तिथे होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. सुपर मारिओच्या मूळ निन्टेन्डो पॅडवर दोन बटणं एका आडव्या ओळीत होती: डावीकडे बी, उजवीकडे ए. अंगठ्याचं टोक बीवर दाबून धरायचं, म्हणजे मारिओ धावतो, आणि टोक न उचलता अंगठ्याचा मागचा भाग एवर टेकवायचा, म्हणजे उडी. अंगठा उजवीकडून, खालून, तिरका येतो. हल्लीच्या कंट्रोलरवर चार बटणं चौकटीच्या पत्त्यासारखी मांडलेली असतात. रेट्रोआर्च (अनेक मशीनचे इम्युलेटर एकत्र चालवणारा प्रोग्राम) बी खालच्या बटणाला देतो आणि ए उजवीकडच्या. आता टोक खालच्या बटणावर ठेवून मागचा भाग उजवीकडे टेकवून बघा. मनगट वळवल्याशिवाय जमत नाही. तेच बी डावीकडच्या बटणावर आणि ए खालच्या बटणावर आणलं की अंगठा होता तिथेच बसतो. निन्टेन्डोने स्वतः १९९० च्या सुपर मारिओ वर्ल्डमध्ये हेच केलं: धावणं डावीकडे, उडी खाली. अक्षर जुळवून काही मिळत नाही. जागा जुळवा.

आडवाबाण

मारिओचं तुम्ही म्हणता ते आत्ता कंट्रोलर हातात घेऊन करून पाहिलं. खरं आहे. बी डावीकडे, ए खाली लावल्यावर पहिल्याच पातळीत फरक कळला.

पण याने तुमचाच ‘हाताला एकच सवय’ हा नियम मोडतो. ही मांडणी मारिओला लागू. स्ट्रीट फायटर टू ला सहा बटणं: वर तीन गुद्दे, खाली तीन लाथा. चार बटणांच्या चौकटीत ती बसणारच नाहीत. कॅपकॉमने स्वतः सुपर निन्टेन्डो या घरगुती मशीनसाठी काढताना दोन बटणं पॅडच्या वरच्या खांद्यांवर टाकली आणि वर पर्यायांमध्ये बटणं बदलायची सोयही दिली. बनवणाऱ्यांनीच जर खेळणाऱ्याच्या हाती सोपवलं, तर आपण कशाला सोवळं पाळायचं? प्रत्येक गेमला वेगळं मॅपिंग असू द्या.

आणि ते कुठे करायचं हेही सांगतो, कारण निम्मे लोक चुकीच्या ठिकाणी करतात. रेट्रोआर्चमध्ये दोन पायऱ्या असतात. आधी तुमचं खरं बटण एका काल्पनिक पॅडच्या बटणाला जोडलेलं असतं, त्याला रेट्रोपॅड म्हणतात. मग तो रेट्रोपॅड त्या त्या मशीनला जोडला जातो. मुख्य सेटिंगमध्ये जाऊन पहिली पायरी बदललीत की सगळे गेम बिघडतात, मेनूतलं ‘हो’ आणि ‘मागे’ सुद्धा. एका गेमसाठी बदल हवा असेल तर गेम चालू ठेवून क्विक मेनूमधल्या कंट्रोल्समध्ये दुसरी पायरी बदलायची आणि गेमचा रिमॅप, म्हणजे बदललेली मांडणी, म्हणून साठवायचं. कोअरचा, म्हणजे रेट्रोआर्चमधल्या एका मशीनच्या इम्युलेटरचा, रिमॅप साठवला तर त्या कोअरवरच्या सगळ्या गेमना लागू होतो. मेममध्येही टॅबखाली दोन याद्या असतात, एक सर्वांसाठी, एक फक्त त्या मशीनसाठी. मुस्तफाचं वेगळं मॅपिंग डिनो नावाच्या सीएफजी फाइलमध्ये जाऊन बसतं, बाकी कशाला हात लागत नाही. ही सोय मुद्दाम ठेवली आहे, ती वापरावी.

जुनीकॅसेट

सुपर निन्टेन्डोचं उदाहरण तुम्ही दिलंत, ते नीट पाहा. वाय, एक्स आणि डावा खांदा हे गुद्दे. बी, ए आणि उजवा खांदा या लाथा. वरची ओळ गुद्द्यांची, खालची लाथांची, हे कॅपकॉमने चौकटीतही राखलं. जे नाइलाजाने हलवायचं तेवढंच हलवलं. माझं म्हणणं याहून वेगळं काय आहे?

टर्बोचंही बोलून टाकतो. बटण दाबून धरलं की इम्युलेटर स्वतःच टकाटक दाबतो, ही सोय मला मान्य नाही. बोटाने करायचं काम सॉफ्टवेअरने केलं तर ते खेळणं राहत नाही. कीबोर्डवर डावा-उजवा एकदम दाबणंही त्याच रांगेतलं. मूळ पॅडवरचं अधिकच्या खुणेसारखं दिशेचं बटण एकसंध असतं, त्याच्यावर ते शक्यच नाही. झेल्डा टू मध्ये तसं केलं तर पात्र वेड्यासारखं सुसाट सुटतं. म्हणून बरेच इम्युलेटर ते आपणहून अडवतात, आणि अडवलंच पाहिजे.

रानजाई

मी धागा वाचत होते, लिहिणार नव्हते. टर्बोचं वाचून राहवलं नाही.

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. जन्मापासून त्याचा उजवा हात कमजोर आहे, बोटं वेगवेगळी हलत नाहीत. सगळं तो डाव्या हाताने करतो. त्याच्या मामाने त्याला काँट्रा दाखवला आणि तो पहिल्याच दिवशी वेडा झाला. पण काँट्रात चालायचं, उडी मारायची आणि सारखी गोळी झाडायची, तेही एकदम. एका हाताने कसं करणार?

आम्ही दोघांनी दोन रविवार बसून मांडणी केली. दिशा डब्ल्यू-ए-एस-डीवर, उडी स्पेसवर अंगठ्याने, गोळी डाव्या शिफ्टवर करंगळीने. आडवाबाण यांनी स्टिकी कीजचं लिहिलंय, ते आम्हाला पहिल्या दहा मिनिटांतच भेटलं, ते बंद केलं. करंगळी सारखी दाबून दुखायला लागली म्हणून गोळीला टर्बो लावला. आता तो पहिली पातळी पार करतो. उडी कधी मारायची, कुठे आडवं पडायचं, हे सगळं तोच ठरवतो. टर्बोने त्याचं फक्त करंगळीचं दुखणं घेतलं.

आणि जुनीकॅसेट, तुमचं नाव कॅसेटवरून आहे म्हणून विचारते. आमच्या घरी जो टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम होता, त्याच्या पॅडवर चार बटणं होती: ए, बी, आणि त्यांच्यावर टर्बो ए, टर्बो बी. जपानी पॅडची ती नक्कल होती, पण मी आणि माझा भाऊ त्याच पॅडवर वाढलो. आमच्या मूळ मशीनवर टर्बो होताच की!

जुनीकॅसेट

रानजाई, टर्बोबद्दलचं माझं वाक्य मागे घेतो. तुमच्या मुलाच्या मांडणीत एक बोट एक काम करतंय आणि निर्णय सगळे त्याचे आहेत. याला खेळणं नाही म्हणणं चूक होती. चार बटणांचा पॅड माझ्याकडेही होता, टर्बो बी मीही वापरलाय. ते विसरून लिहिलं.

एक सुचवू का? गोळीसाठी शिफ्टऐवजी कॅप्स लॉक नको, काही ठिकाणी तो दाबून धरल्याचं नीट कळत नाही. पण करंगळीला शिफ्टही खाली पडत असेल तर दिशा एक घर उजवीकडे, ई-एस-डी-एफवर सरकवून बघा. मग ए करंगळीखाली आपोआप येतो, हात वळवावा लागत नाही. फक्त स्पेससकट तिन्ही बटणं एकदम उमटतात का ते आधी नोटपॅडमध्ये तपासा.

आडवाबाण, तुमच्याशी भांडण बाकी आहे. गेमगणिक मांडणी बदलली की दोन गेमच्या मध्ये हात गोंधळतो, हे मी रोज अनुभवतो. मारिओ आणि काँट्रा एकाच पॅडवरचे, त्यांना एकच मांडणी हवी. मशीनगणिक बदल ठीक, गेमगणिक नाही.

रानजाई

ए जमला. शिफ्टपेक्षा सोपं जातंय म्हणाला. तीन बटणं एकदम उमटतात, तपासलं. धन्यवाद.

आडवाबाण

मशीनगणिक, म्हणजेच कोअरचा रिमॅप, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर येतो. त्यापुढे नाही. काँट्रात मला उडी डावीकडे आणि गोळी खाली हवी, कारण गोळीचं बटण मी सोडतच नाही आणि अंगठा खाली विसावतो. मारिओत उलट. दोन्ही रिमॅप साठवलेत, गेम उघडला की आपोआप लागतात. हात गोंधळत नाही. मेममध्ये माझे ॲरो उजवीकडेच राहणार.

तिसरा_खेळाडू

या शनिवारी आम्ही तिघं मुस्तफा खेळतोय. दोन कंट्रोलर, एक कीबोर्ड. कीबोर्ड माझ्याकडे, ॲरो आणि डावे कंट्रोल-ऑल्ट, पडदा फिरवायची शॉर्टकट बंद करून. जुनीकॅसेट यांची मांडणी दुसऱ्या डावाला लावून बघतो, दुसऱ्या-तिसऱ्याची बटणं हलवून. हात कुठे अडला ते इथेच येऊन लिहीन.