‘छापखाना आला आणि युरोप शहाणा झाला’ हे मला पटत नाही

मेधा_नाशिक

परवा अवधूत यांनी लिहिलं: ‘१४५५ च्या सुमारास गुटेनबर्गने बायबल छापलं आणि युरोप जागा झाला. पुस्तक स्वस्त झालं, माणूस वाचायला लागला, पाद्र्यांची सद्दी संपली. आपल्याकडे छापखाना उशिरा आला म्हणून आपण मागे राहिलो.’ त्याखाली नुसती वाहवा. दोन दिवस गप्प बसले, पण हे डोक्यातून जाईना.

त्या बायबलाचं कौतुक मलाही आहे. पानाला बेचाळीस ओळी, सुमारे १८० प्रती, त्यातल्या काही चक्क कातड्यावर. पण त्याने गुटेनबर्गचं भलं झालं नाही. फुस्ट नावाच्या सावकाराने १४५५ सालीच त्याला कर्जापायी कोर्टात खेचलं. त्याच काळात त्याच्या माइन्त्स शहरात आणखी काय छापलं जात होतं? क्षमापत्रं. १४५४ हे वर्ष छापलेले असे कागद आजही शिल्लक आहेत. एका बाजूला मजकूर, आणि नाव-तारखेसाठी कोरी जागा, आपल्या पावतीपुस्तकात असते तशी. पैसे भरा, नाव घालून घ्या, पापाची शिक्षा माफ. १५१७ मध्ये धर्मसुधारक ल्यूथर पेटून उठला तो असल्याच कागदांवर. म्हणजे पाद्र्यांची सद्दी संपवण्याआधी साठ वर्षं छापखान्याने त्याच सद्दीला कागद पुरवला.

आणि क्रामर या पाद्र्याचं ‘चेटकिणींचा हातोडा’? जर्मनीतल्या श्पायरला १४८६-८७ च्या सुमारास छापलेलं हे पुस्तक. चेटकीण कशी ओळखायची, तिच्याकडून कबुली कशी काढायची, खटला कसा चालवायचा, सगळं त्यात आहे. पुढे दीडशे वर्षांहून जास्त काळ ते पुन्हा पुन्हा छापलं गेलं. चेटकिणींच्या खटल्यांचा कहर झाला तो १५६० ते १६३० या काळात, म्हणजे छापखाना घरोघरी नसला तरी शहरोशहरी पोचल्यावर. ज्या बाया जळाल्या त्यांना हा ‘जागा झालेला युरोप’ कसा दिसला असेल?

अवधूत

मेधाताई, तुम्ही निवडक उदाहरणं घेतली आहेत. चेटकिणींची भीती क्रामरच्या आधीही होती. पण त्याला उत्तरही छापूनच दिलं गेलं, हे तुम्ही का गाळलंत? योहान वायर या डॉक्टराने १५६३ मध्ये लिहिलं, की यातल्या बऱ्याच म्हाताऱ्या बाया मनाने आजारी आहेत, त्यांना जाळू नका. ते पुस्तक स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला ओपोरिनुसच्या छापखान्यात निघालं.

याच ओपोरिनुसने वीस वर्षं आधी, १५४३ मध्ये, वेसालिउसचं शरीररचनेचं पुस्तक छापलं होतं. चित्रांचे लाकडी ठसे व्हेनिसला कोरले आणि आल्प्स ओलांडून बाझेलला आणले. गॅलेन या प्राचीन वैद्याने लिहून ठेवलं होतं की माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो. तेराशे वर्षं सगळे तेच घोकत होते. अठ्ठावीस वर्षांच्या वेसालिउसने दाखवलं, की हाड एकच आहे, गॅलेनने जनावरं फाडून माणसाबद्दल लिहिलंय. महत्त्वाचं काय, तर पॅरिसच्या विद्यार्थ्यासमोर आणि पादुआच्या विद्यार्थ्यासमोर तेच पान, तेच चित्र. हस्तलिखितात प्रत्येक नकलेबरोबर चित्र बिघडत जायचं. चूक सापडायला आधी सगळ्यांकडे एकच गोष्ट असावी लागते. ती छापखान्याने दिली. याला शहाणपण म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

जुळारीपुत्र

तुम्ही दोघं गुटेनबर्ग, ल्यूथर, वेसालिउस करताय. खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, कोणी जुळवले, याबद्दल एक ओळ नाही. दर वेळी हेच होतं आणि मला दर वेळी त्रास होतो.

माझे वडील आमच्या तालुक्याच्या गावी जुळारी होते. डाव्या हातात पट्टी, उजव्या हाताने एकेक खिळा उचलायचा, ओळ उलटी लावायची आणि उलटीच वाचायची. अंगठा कायम काळा. एकदा लग्नपत्रिकेत आधीच्या कामातली ‘गं. भा.’ ही जुळणी तशीच राहिली आणि ती नवरीच्या नावामागे छापली गेली. प्रूफ मालकाने स्वतः तपासलं होतं. पगार मात्र बाबांचा कापला, पूर्ण महिन्याचा. त्या महिन्यात आईने दूध बंद केलं होतं, एवढं मला आठवतं.

म्हणून १६३१ च्या लंडनच्या बायबलाची गोष्ट लोक मजेने सांगतात तेव्हा मला हसू येत नाही. ‘व्यभिचार करू नकोस’ या आज्ञेतला ‘नको’ गळला. मुद्रकांना ३०० पौंड दंड झाला हे सगळे सांगतात. त्या जुळाऱ्याचं काय झालं, हे कोणी सांगत नाही.

आणि १५३९ चा फ्रान्समधल्या ल्योंचा संप? छापखान्यातले कामगार काम टाकून रस्त्यावर आले. मालक जेवायला धड घालत नव्हते, मजुरी कमी, आणि स्वस्तात पडतात म्हणून शिकाऊ पोरं भरत होते. युरोप शहाणा केला असेल तर या लोकांनी केला. तेही अर्धपोटी.

म्हापशेकर

अवधूतच्या मूळ लेखातलं शेवटचं वाक्य कुणीच पकडलं नाही. ‘आपल्याकडे उशिरा आला’ म्हणजे काय? गोव्यात छापखाना ६ सप्टेंबर १५५६ ला उतरला. निघाला होता अ‍ॅबिसिनियाला (आजचं इथिओपिया), राहिला इथे. १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ताचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक गोव्यातच छापलं गेलं. १६१६ मध्ये गोव्यातल्याच राशोलला फादर स्टीफन्स या मिशनऱ्याचं मराठी काव्य, क्रिस्तपुराण, छापलं. मराठीची त्याने केलेली स्तुती सगळ्यांना पाठ असते, पण ती रोमन अक्षरांत छापली होती हे किती जणांना ठाऊक आहे? त्या पहिल्या आवृत्तीची एक प्रत आज उरलेली नाही. शाळेत आम्हाला यातलं काही शिकवलं नाही. मराठी मुद्रणाचा इतिहास थेट १८०५ च्या, बंगालमधल्या श्रीरामपूरवरून सुरू. गोवा महाराष्ट्रात नाही म्हणून इतिहासातही नाही?

अवधूत

छापखाना ‘उतरणं’ आणि ‘रुजणं’ यात फरक आहे की नाही? गोव्यातला छापखाना मिशनऱ्यांच्या हातात होता. धर्मप्रचारापलीकडे त्यातून मोजकंच निघालं. आणि अडचण लिपीचीही होती. रोमनला मोजकी अक्षरं. देवनागरीत जोडाक्षरं, काना, मात्रा, वेलांटी. स्टीफन्सनेच १६०८ च्या पत्रात लिहिलंय की इथल्या लिपीसाठी खिळे ओतायला सहाशे साचे लागतील. एवढे खिळे त्या काळी कोण ओतणार?

म्हापशेकर

अर्धंच सांगताय. त्याच पत्रात तो म्हणतो की हे साचे दोनशेवर आणता येतील. माणूस तयार होता, परवानगी आणि पैसा मिळाला नाही. आणि गुटेनबर्गने तरी चोवीस अक्षरांवर भागवलं का? लेखनिकाच्या हातासारखं दिसावं म्हणून जोडअक्षरं आणि खुणा धरून त्याने त्या बायबलासाठी तीनशेच्या आसपास वेगवेगळे खिळे केले होते. मुळात ज्यांच्या हातात सत्ता होती त्यांना आमची लिपी छापायचीच नव्हती. १६८४ मध्ये तर फर्मान काढलं, की तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडा आणि पोर्तुगीज बोला. माझी पणजी घरात कोकणी, प्रार्थना पोर्तुगीज, आणि हिशोब मनातल्या मनात मराठी करायची. लिपी अवघड होती म्हणे!

मेधा_नाशिक

म्हापशेकरदादा, राग समजतो, पण सगळं पोर्तुगीजांवर ढकलू नका. सुरतेच्या भीमजी पारेखांनी १६७० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे मुद्रक मागितला, त्यांना आपले ग्रंथ छापायचे होते. १६७४ मध्ये माणूस आला, पण त्याला खिळे पाडता येत नव्हते. तिथे ना चर्च होतं ना फर्मान. त्याच सुमारास पुण्या-साताऱ्याकडे कोणत्या धनिकाने असं काही मागितल्याचं दाखवा मला. इथे पोथी लिहून घेणं हे पुण्य होतं, आणि कोणी वाचायचं, कोणी नाही, हे ठरलेलं होतं. ते ज्यांच्या सोयीचं होतं त्यांना घाई कशाला?

म्हापशेकर

लगेच जातीवर आलात. गोव्याचा विषय निघाला की दोन प्रतिसादांत तो पुण्याचा होतो, हीच माझी तक्रार आहे. यापुढे मी लिहीत नाही.

अवधूत

दादा, थांबा. ‘उशिरा आला’ हे वाक्य चूक होतं. ‘उशिरा रुजला’ म्हणायला हवं होतं. मूळ लेखात दुरुस्त करतो.

पण मेधाताई, मूळ मुद्दा मी सोडलेला नाही. इटलीतल्या फ्रिउलीचा मेनोक्किओ आठवा. सोळाव्या शतकातला, खेड्यातला गिरणीवाला. दहा-अकरा पुस्तकं वाचलेली, त्यातली बरीचशी मागून आणलेली. त्यावरून त्याने स्वतःचं विश्व रचलं: दुधाचं चीज व्हावं तसा गोळा झाला आणि त्यात किडे व्हावेत तसे देवदूत झाले. चर्चच्या चौकशी करणाऱ्यांसमोर तो हे बेधडक बोलला. छापील पुस्तक नसतं तर गिरणीवाल्याच्या हातात एवढं वाचायला कुठून आलं असतं?

मेधा_नाशिक

आणि १५९९ मध्ये त्याला मारलं, तेही सांगा.

पण ठीक आहे, वेसालिउसचा मुद्दा मान्य. एकच पान सगळ्यांसमोर असणं ही मोठी गोष्ट आहे, ती मी हलकी धरली. मेनोक्किओचा मात्र नाही. त्याने पुस्तकातलं घेतलं त्याहून जास्त त्याच्या मनात आधी होतं. माझी आजी शाळेत गेली नव्हती. श्रावणात दुपारी पोथी लागायची, कुणीतरी वाचायचं, दहाजणी वाती वळत ऐकायच्या. वाचणाऱ्याने ओवी चुकवली की आजी हात न थांबवता दुरुस्त करायची. आणि मध्येच म्हणायची, ‘हे सीतेला विचारून लिहिलंय का कुणी?’ हा प्रश्न पोथीत छापलेला नव्हता. युरोपातही कितीतरी जणांनी पुस्तक असंच ऐकलं, ते कोणत्या हिशोबात धरता?

जुळारीपुत्र

सहाशे आणि दोनशे साच्यांचं काल रात्री बाबांना विचारलं. ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत. म्हणाले, ‘इंग्रजीला खिळ्यांच्या दोन केसी (खणांच्या पेट्या) पुरायच्या, मराठीला समोर चार मांडून बसायचो. म्हणून काय मराठी छापायची राहिली का?’ मग वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं: अर्धा स वेगळा, अर्धा त वेगळा, शेजारी पुरं अक्षर ठेवायचं, जोडाक्षर तयार. सगळी जोडाक्षरं अखंड ओतायची नाहीत, मोडून जोडायची. ‘श्री’ तेवढा अखंड लागतो म्हणाले.

म्हापशेकरदादा, लिपीच्या बाबतीत बाबा तुमच्या बाजूने आहेत. लिहायचं सोडू नका.