रीलवाला आला, आता मास्तर घरी बसवा म्हणे!

तापीकाठ: परवा इथंच एकानं टाकलं, 'दहा वर्षांत शाळेनं शिकवलं नाही ते थाळनेर किल्ल्याच्या एका रीलनं शिकवलं. इतिहासाचे मास्तर हवेत कशाला?' बावीस वर्षं दहावीला इतिहास शिकवतोय, झोंबणारच. अहो, त्या रीलमधला बुरूज बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडचा आहे! थाळनेरला तापीकाठी पडका तट आणि खान्देशच्या फारुकी सुलतानांच्या कबरी, एवढंच उरलंय. दहावीच्या पुस्तकात पहिले दोन धडे इतिहासलेखनाचेच आहेत. साधन कुठलं, तपासायचं कसं. रीलवाल्यानं तेवढे तरी वाचावेत.

देवपूरचा: पुस्तकात आहे हो सर, वर्गात कुठं होतं? आमचा इतिहासाचा तास पीटीचे सर घ्यायचे. 'इथून इथपर्यंत खूण करा, बाकी सोडा.' इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे म्हणजे रिकाम्या जागेचं उत्तर. ते 1926 ला धुळ्यातच वारले, त्यांचं दप्तर इथल्या राजवाडे संशोधन मंडळात आहे, सायकलवर जाता येईल एवढ्यावर. सहल गेली शिर्डीला! इंग्रजांशी लढलेला भिल्ल नायक खाज्या नाईक आणि 1858 ची आंबापाणीची लढाई मला मोबाईलवरच कळली.

मेहरुणचीबोर: ते सोडा. रीलवाला म्हणतो खान्देश हे नाव फारुकी खानांवरून. साफ खोटं. कान्हदेश!

देवपूरचा: आधार?

मेहरुणचीबोर: आमचे आजोबा सांगायचे. अहिराणी कुणाची? अहिरांची. अहीर म्हणजे गवळी, मग कान्हाच ना!

तापीकाठ: आजोबांना नमस्कार. पण 1601 ला असीरगड घेतल्यावर अकबरानं मुलाच्या, दानियालच्या नावावरून 'दानदेश' केलं. 'खान'च्या जागी 'दान' बसवला, म्हणजे आधी काय होतं?

मेहरुणचीबोर: फारसीवाल्यांनी 'कान्ह'चा 'खान' केला नसेल कशावरून? तुम्हा मास्तर लोकांना बाहेरच्यांनी लिहिलेलं लगेच पटतं.

तापीकाठ: 'मास्तर लोक' काय हो? फारुकींच्या आधीचा एक लेख दाखवा 'कान्हदेश' लिहिलेला, भर वर्गात तुमची माफी मागतो.

मेहरुणचीबोर: सगळंच लिहून ठेवतात का भो?

तापीकाठ: धन्य. देवपूरकर, पीटीच्या सरांचं मात्र मान्य. मलाही एक वर्ष गणित दिलं होतं, त्या पोरांचं काय झालं विचारू नका. शिर्डीच्या सहलीलाही मीच जातो दरवर्षी, बसचा हिशेब माझ्याकडे असतो.

देवपूरचा: मग यंदा बस मंडळाच्या दारात थांबवा. मोडी कागदांची रील मी काढतो, फुकट. बुरूज घालणार नाही.

मेहरुणचीबोर: कान्हदेशाचं राहिलंच.