‘विटाळणे’ आणि ‘बाटवणे’ : अर्थ आणि मूळ

गोदाकाठ (प्रश्न)
पंचवटीतील आमच्या वाचनालयात काळाराम मंदिर सत्याग्रहाविषयी शाळकरी मुलांसाठी एक माहितीफलक लावायचा आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा मंदिराची दारे बंद का ठेवण्यात आली हे सांगताना ‘अस्पृश्यांच्या प्रवेशाने मंदिर विटाळेल, अशी सनातन्यांची धारणा होती’ असे वाक्य मी लिहिले. एका सहकाऱ्यांनी ‘विटाळेल’ खोडून ‘अपवित्र होईल’ असे केले, तर दुसऱ्यांना ‘बाटेल’ हाच शब्द हवा आहे. ‘विटाळ’ हा ‘विष्ठा’वरून आणि ‘बाटणे’ हे ‘भ्रष्ट’वरून आले, असेही त्यांचे म्हणणे आहे. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

अपभ्रंशप्रेमी
‘विष्ठा’ ही व्युत्पत्ती ऐकायला सोयीची असली तरी ध्वनिनियमांत बसत नाही. संस्कृतातील ‘ष्ठ’ मराठीत येताना आपला महाप्राण, म्हणजे ‘ठ’मधला ‘ह’सारखा श्वास, टिकवून ठेवतो. काष्ठाचे काठ, ओष्ठाचे ओठ, कोष्ठाचा कोठा झाला, त्याच चालीने येथे ‘ठ’ यायला हवा होता. प्रत्यक्षात जुने रूप ‘विट्टाल’ असे आहे. बाराव्या शतकात गुजरातेत होऊन गेलेल्या हेमचंद्राचार्यांनी आपल्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायात, अपभ्रंश या प्राकृतानंतरच्या भाषेच्या प्रकरणात, हा शब्द नोंदवला असून तेथे तो ‘अस्पृश्यसंसर्ग’ या अर्थी दिला आहे. उदाहरणाच्या दोह्यात रत्नाकर, म्हणजे समुद्र, सोडून स्वतःला किनाऱ्यावर झोकून देणारे शंख येतात. ज्याच्या त्याच्या तोंडून फुंकले जात भटकणाऱ्या त्या शंखांच्या वाट्याला केवळ ‘विट्टालु’ उरतो. म्हणजे या शब्दात मुळापासून घाण नाही, स्पर्श आहे, आणि तुमच्या फलकाला नेमके तेच सांगायचे आहे. गुजरातीतील ‘वटाळ’, ‘वटलवुं’ ही रूपे याच्याच कुळातील दिसतात.

‘भ्रष्ट’पासून ‘बाट’ साधायचा तर ‘भ’चा ‘ब’ आणि ‘ठ’ऐवजी ‘ट’ अशा दोन्ही गोष्टींचे कारण द्यावे लागते, म्हणून मी तरी ती व्युत्पत्ती ठामपणे सांगणार नाही.

ओसरी
व्युत्पत्ती काहीही असो, वापरातील फरक स्पष्ट आहे. विटाळ लागतो, धरला जातो, पाळला जातो आणि स्नानाने किंवा ठरावीक दिवसांनी फिटतो. विटाळशी बाई चार दिवस ‘बाहेर’ बसे आणि पाचव्या दिवशी घरात वावरू लागे. माणूस बाटला, असे मात्र त्याची जात किंवा धर्मच गेला असे मानले जाई तेव्हा म्हणत, आणि तेथे नुसत्या आंघोळीने भागत नसे. म्हणूनच बाईला ‘विटाळशी’ म्हणत, ‘बाटलेली’ म्हटले तर ती वेगळीच शिवी होई. ‘बाटगा’ हा शब्द तर निव्वळ हिणवण्यासाठीच वापरला गेला, तेव्हा त्याची सावलीही मुलांच्या फलकावर नको. ‘दूषित’ हा ‘दुष्’ धातूचा शब्द आज रामकुंडाच्या पाण्यासाठी ठीक आहे, मंदिरप्रवेशासाठी नाही.

संत सोयराबाईंचा ‘देहासी विटाळ म्हणती सकळ’ हा चरण आठवावा. देहातला विटाळ देहातच जन्मला, मग सोवळा कोण, असे त्या पुढे विचारतात. येथे ‘बाट’ घालून पाहा, युक्तिवादच कोसळतो, कारण जन्मासोबत येणारी गोष्ट म्हणजे बाटणे नव्हे.

चवदार
वरील फरक माणसांपुरता मान्य आहे. वस्तू आणि जागा यांच्याबाबतीत लोक दोन्ही शब्द सर्रास वापरत: भांडे बाटले, विहीर बाटली. महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर सनातन्यांनी ते तळे ‘बाटले’ असे मानून शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांनी भरलेल्या घागरी ओतून त्याची ‘शुद्धी’ केली. म्हणून ‘मंदिर बाटेल’ हे चुकीचे मराठी आहे, असे कोणी म्हणू नये.

अपभ्रंशप्रेमी
चुकीचे नाही, हे मान्य. तरीही तळ्याच्या पाण्यातही काही बिघडले नव्हते, ते कोणाच्या ओंजळीने प्यायले गेले यावर वाद होता. तेव्हा स्पर्शाचा भाव थेट सांगणारा शब्द मला अधिक नेमका वाटतो. ‘अपवित्र’ तर सर्वांत फिका, कारण अपवित्र कशानेही होते, आणि कोणाच्या येण्याने हा प्रश्न त्यात विरून जातो.

गोदाकाठ
सर्वांचे आभार. ‘विटाळेल’ ठेवतो आणि खाली ‘विटाळ : अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या स्पर्शाने वस्तू अशुद्ध होते, ही कल्पना’ अशी ओळ जोडतो. ‘मानलेल्या’ हा शब्द आमच्या सहकाऱ्यांनी खोडू नये, एवढे मात्र पाहावे लागेल.