बॅ. जयकर : 'सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती' आणि 'कुलपती'?

दप्तरी : बॅ. मुकुंदराव जयकरांवर दोन पानी टिपण करायचंय. एका जुन्या अंकात त्यांना 'सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती आणि पुणे विद्यापीठाचे पहिले कुलपती' म्हटलंय. दोन्ही खटकतं. क्रम कसा लावू? न्यायासनावर असतानाच विद्यापीठही सांभाळत होते का?

जुनी सनद : दोन्ही चूक. सुप्रीम कोर्ट 1950चं. जयकर 1905 पासून मुंबई हायकोर्टात बॅरिस्टर, 1937 ला दिल्लीत फेडरल कोर्टाचे (सुप्रीम कोर्टाआधीचं देशाचं कोर्ट) न्यायाधीश, 1939 ला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्याय समितीवर (हिंदुस्थानातल्या खटल्यांची तेव्हाची शेवटची अपिलं तिथे चालायची). पुण्याचे कुलगुरू 1948 ते 1956. म्हणजे न्यायासन केव्हाच सुटलेलं आणि वय पंचाहत्तरीला टेकलेलं.
'कुलपती' बहुधा हिंदीतून आलंय. हिंदीतले 'कुलपति' म्हणजे आपले कुलगुरू (व्हाइस चान्सलर). आपल्या कुलपतींना (चान्सलर) ते 'कुलाधिपति' म्हणतात. हिंदी मजकुरावरून लिहिताना हमखास फसायला होतं.

गणेशखिंड : जयकरांनी दोन्ही पदं एकदम सांभाळली नाहीत, पण त्यांच्या शेजारी बसणाऱ्या दोघांनी सांभाळली! फेडरल कोर्टाचे पहिले न्यायाधीश तीनच : सर मॉरिस ग्वायर, शाह सुलेमान आणि जयकर. सरन्यायाधीश असतानाच ग्वायर 1938 पासून दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि त्याच वर्षापासून सुलेमान अलीगढचे. जमायचं, कारण कोर्टाला काम बेताचंच. नेहमीची दिवाणी अपिलं हायकोर्टातून थेट लंडनला जायची; इथे मुख्यतः 1935च्या भारत सरकार कायद्याचा (तेव्हाची राज्यघटनाच म्हणा) अर्थ लावायचे तंटे.
मुंबईत तर ही वहिवाट आधीचीच. काशिनाथ तेलंग 1889 ला हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि 1892 ला त्या पदावर असतानाच कुलगुरू. तेव्हा कुलगुरूपद मानद, दोन वर्षांचं, सरकारनियुक्त. नारायण चंदावरकरांचंही तसंच.

दप्तरी : आज हे शक्य आहे?

जुनी सनद : महाराष्ट्राच्या सरकारी विद्यापीठांत जवळपास नाहीच. 2016च्या कायद्याने कुलगुरूची मुदत पाच वर्षं किंवा वयाची 65, जे आधी येईल ते. शिवाय प्राध्यापकीचा किंवा नामांकित संशोधन वा शैक्षणिक प्रशासनाच्या संस्थेतला दहा वर्षांचा अनुभव लागतो. सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती निवृत्तच 65 ला होतात. 1966 ला सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झाल्यावर गजेंद्रगडकर मुंबईचे कुलगुरू झाले. आजच्या नियमात त्यांचा अर्जच बाद झाला असता.
टिपणात 'फेडरल कोर्ट' असंच ठेवा. 'संघ न्यायालय' छापलंत तर निम्मे वाचक पुन्हा सुप्रीम कोर्टच समजतील.