लाल कापडी पुठ्ठ्याचं ब्रायटनचं चित्रपुस्तक: किती जुनं असेल, आणि ठेवू कसं?

माळ्यावरची

नमस्कार मंडळी. आमचा नारायण पेठेतला वाडा पाडायला निघालाय, त्यामुळे सध्या माझं आयुष्य माळा ते रद्दीवाला एवढंच उरलंय. परवा पणजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्याखाली, एक पुस्तक सापडलं. जेमतेम वीतभर लांब. लाल कापडी पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरांत इंग्रजीत ‘ब्रायटन’, म्हणजे इंग्लंडातलं समुद्रकाठचं गाव. पानं उलटायची सोयच नाही. एकाला एक चिकटलेली घड्यांची पट्टी आहे, हातातून सुटली की थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत जाते.

चित्रं १२. तपकिरी, लांबून फोटोच वाटतात, पण वार्निश मारल्यासारखी चकाकतात आणि माणसं जरा बाहुल्यांसारखी उभी आहेत. समुद्रात साखळ्यांवर तोललेला एक धक्का, दुसरा सरळसोट लांब धक्का, मत्स्यालय, ग्रँड हॉटेल. एका चित्रात घुमट-मिनारांची इमारत आहे, ती मला बघताक्षणी म्हैसूर वाटली. वर्ष कुठेही छापलेलं नाही.

पणजोबा खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर पलटणीत, होते. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेले आणि डावा पाय अधू होऊन परत आले. ‘विलायतेत राजाच्या वाड्यात झोपून आलोय’ असं सांगायचे म्हणे. घरात ते कुणीच खरं मानलं नाही. माझे बाबा तर कुणी थापा मारायला लागला की म्हणायचे, ‘हा आला राजाच्या वाड्यातला!’

भाचा म्हणतो, चित्रं सुटी कापून फ्रेम कर, नाहीतर वीक, लाखभर येतील. कसरीने एका कोपऱ्याचा घास घेतलाय आणि पाऊस तोंडावर आलाय. काय करू?

शिळाप्रेस

ताई, आधी भाच्याच्या हातातली कात्री काढून घ्या. बाकीचं सावकाश.

वर्णनावरून हे लिथोग्राफ, म्हणजे आपलं शिळाछाप काम. १८८०-९० च्या सुमारास इंग्लंडातल्या सहलीच्या गावांचे असे घडीचे आल्बम ढिगाने निघाले. त्यातले बरेच जर्मनीत छापून यायचे. लाइपझिगच्या लुई ग्लासरचं नाव या कामात मोठं. मूळ फोटोवरून चित्रकार दगडावर चित्र उतरवायचा, तपकिरी-करड्या छटांसाठी वेगवेगळे दगड वापरायचे आणि वरून वार्निश. फोटोचा भास व्हावा म्हणून हा सगळा उद्योग. गाड्या आणि माणसं चित्रकार पदरची घालायचा, म्हणून तुमच्या बाहुल्या.

खात्री करायची तर घड्याळजी डोळ्याला लावतो ते भिंग मागून आणा. पेपरातल्या फोटोसारखे रांगेतले ठिपके दिसले तर छपाई नंतरची. रांगोळी चिमटीतून सुटल्यासारखे वेडेवाकडे कण दिसले तर दगडच. तेलकट खडूने चुनखडीच्या दगडावर काढायचं, दगड ओला करायचा, शाई फक्त तेलकट जागी बसते. कोरायचं काही नाही. झेनेफेल्डरने बव्हेरियात १७९६ ते ९८ च्या दरम्यान हे बसवलं. आपल्याकडे गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ मध्ये पंचांग असंच छापलं, आणि चिपळूणकरांनी १८७८ मध्ये काढलेल्या पुण्याच्या चित्रशाळेतली देवादिकांची चित्रंही याच घराण्यातली. तुमचं पुस्तक पंचांगांखाली निघालं हे मला फार आवडलं.

आता वय. साखळ्यांचा तो चेन पिअर १८२३ चा आणि डिसेंबर १८९६ च्या वादळात तो पडला. मत्स्यालय १८७२ चं. दुसरा धक्का वेस्ट पिअर असणार, तो १८६६ चा, पण त्याच्या टोकाचा मोठा मंडप १८९३ चा. मंडप आहे का बघा. किनाऱ्यावर मेट्रोपोल हॉटेल दिसतंय का तेही बघा, ते १८९० मध्ये उघडलं. मात्र यावरून चित्राचं वय कळतं, छपाईचं नाही. दगड शाबूत असेतो प्रकाशक जुनंच दृश्य छापत राहायचे.

बुधवार_रविवार

मी जुन्या बाजारात तीस वर्षं कागद चाळतोय, म्हणून स्पष्ट सांगतो. लाखभर विसरा. ही पुस्तकं तिकडे आठवण म्हणून घाऊक विकली गेली, आजही सहज मिळतात. चांगल्या हॉटेलात चौघांचं जेवण होईल एवढे आले तरी खूप. दुर्मिळ म्हणजे गोन्साल्विसने १८२६ मध्ये मुंबईत काढलेली मुंबईची शिळाछाप दृश्यं. ती माळ्यावर सापडली तर मला आधी फोन करा! आणि शंभरी ओलांडलेली वस्तू परदेशी गिऱ्हाइकाला पाठवायची म्हटलं की १९७२ चा पुरावस्तू कायदा मध्ये येतो, त्या भानगडीत पडू नका.

सांभाळायचं म्हणाल तर सेलोटेप नको, लॅमिनेशन नको. लाल कापड ओल्या फडक्याने पुसलंत तर रंग सुटून पहिल्या चित्रावर उतरेल, हे मी स्वतः करून बसलोय. कोरड्या मऊ ब्रशने घड्यांतली कसर झाडा. आम्लविरहित टिश्यू मध्ये घालून पुठ्ठ्याच्या डब्यात आडवं ठेवा. वाड्याच्या बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, तिथे ओल येते. घडी फाटलीच तर गव्हाची खळ आणि जपानी कागद, तेसुद्धा जाणकाराकडून.

खडकी_बाजार

तुम्ही सगळे दगडात रमलात, मला पणजोबांचं बोलायचंय.

तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे खडकीच्या, २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या लाहोर डिव्हिजनबरोबर फ्रान्सला गेल्या होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ ला नव शापेलला त्यांची भयंकर हानी झाली. त्यानंतरच्या महिन्यांत जखमी हिंदी शिपायांना ब्रायटनला आणलं गेलं आणि रॉयल पॅव्हिलियन या राजवाड्याचं इस्पितळ केलं गेलं. डिसेंबर १९१४ ते जानेवारी १९१६. झुंबरांखाली खाटा, धर्माप्रमाणे वेगळी स्वयंपाकघरं आणि पाण्याचे वेगळे नळ. शिपायांना द्यायला त्या इमारतीची माहितीपुस्तिकाही निघाली होती, इंग्रजी, गुरुमुखी आणि उर्दूत. तुमचं पुस्तक ते नव्हे, ते कितीतरी आधीचं.

तुमचं ‘म्हैसूर’ म्हणजे हाच पॅव्हिलियन. जॉन नॅशने चौथ्या जॉर्जसाठी १८१५ ते २२ मध्ये त्याला ते घुमट चढवले. पणजोबा थापा मारत नव्हते.

शिळाप्रेस

एक बारीक दुरुस्ती. तेव्हा तो राजाचा वाडा राहिला नव्हता. व्हिक्टोरिया राणीने १८५० मध्येच तो गावाला विकला होता. म्हणजे पणजोबा झोपले नगरपालिकेच्या इमारतीत.

खडकी_बाजार

असू द्या हो. खाट तर तिथेच होती ना.

माळ्यावरची

लक्ष्मी रोडच्या घड्याळजीने भिंग दिलं, पण दुकानाबाहेर नेऊ देईना, म्हणून पुस्तक तिथेच काउंटरवर उलगडलं. दोन गिऱ्हाइकं घड्याळ विसरून बघत बसली. ठिपक्यांच्या रांगा नाहीत, रांगोळीच आहे. वेस्ट पिअरच्या टोकाला मंडप नाही. मेट्रोपोल नाही. चेन पिअर मात्र ऐटीत उभा आहे. म्हणजे चित्रं १८७२ नंतरची आणि १८९० च्या आधीची, पणजोबा तिथे पोचले त्याच्या कितीतरी आधीची. कुणा ब्रायटनकराने घरातलं जुनं काढून खाटेवरच्या माणसाला दिलं असेल, असं मी आपलं धरून चाललेय.

विकत नाही. भाच्याला म्हैसूरचं, म्हणजे पॅव्हिलियनचं, स्कॅन काढून दिलंय, तो फ्रेम करून घेईल. डब्याची ऑर्डर दिली.

पणजोबांना पाहिलेली आता एकटी आत्या उरलीय, ८६ वर्षांची. तिला फोन करून सगळं सांगितलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘अगं, आम्ही केवढं हसायचो गं त्यांना.’ आणि लगेच, ‘त्याच ट्रंकेत माझी पितळी फणीपेटी होती, ती कुठे गेली?’

ती अजून सापडलेली नाही. माळ्याचा दुसरा कोपरा उद्या काढतेय.